वाचकांचे प्रश्न : घातक अभिक्रियाकारकांना पर्याय निवडताना

धातूंचा वापर टाळून केल्या जाणाऱ्या सेंद्रिय अभिक्रियांमध्ये घातक अभिक्रियाकारकांच्या जागी कोणती संयुगे वापरावीत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत युरिया आणि कार्बामेट तयार करण्यासाठी फॉस्जीनऐवजी ट्रायफॉस्जीन वापरतात. ते घनरूप आहे, सहज तोलता येते, म्हणून ते सुरक्षित आहे, असे वरिष्ठ सांगतात. हे कितपत खरे मानावे?

अर्धे खरे मानावे, आणि उरलेल्या अर्ध्याकडे अधिक लक्ष द्यावे. फॉस्जीन सुमारे ८ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला ते वायुरूपात असते. सिलिंडरची झडप गळली की ते खोलीभर पसरते आणि त्याचा कुबट गवतासारखा वास जाणवेपर्यंत हवेतील त्याचे प्रमाण मान्य मर्यादेच्या पुढे गेलेले असते. फुफ्फुसात पाणी साचल्याची लक्षणे पुष्कळदा काही तासांनी दिसू लागतात, त्यामुळे सुरुवातीला बरे वाटणे हा कोणताही दिलासा नव्हे. ट्रायफॉस्जीन मात्र सुमारे ८० अंशांना वितळणारा स्फटिकरूप पदार्थ आहे. वाहतूक, साठवण आणि तोलणे या तिन्ही ठिकाणचा धोका त्यामुळे बराच कमी होतो आणि तेवढ्यापुरते आपल्या वरिष्ठांचे म्हणणे योग्यच आहे.

आता आकडे पाहा. ट्रायफॉस्जीनचे रेणुवस्तुमान सुमारे २९७ आहे आणि फॉस्जीनचे सुमारे ९९. ट्रायफॉस्जीनच्या एका रेणूतून फॉस्जीनचे तीन रेणू मिळतात, म्हणजे वजनाच्या हिशेबात १० ग्रॅम ट्रायफॉस्जीन हे १० ग्रॅम फॉस्जीनच ठरते. पिरिडीन किंवा ट्रायएथिल अमाइन यांसारख्या आम्लारींच्या संपर्कात हे रूपांतर फ्लास्कमध्ये घडू लागते, आणि आपल्याला हवी असलेली अभिक्रिया होते तीही याच कारणाने. शिवाय घन असले तरी त्याची वाफ होतच नाही असे नाही, आणि ती वाफही विषारी असते. म्हणून ट्रायफॉस्जीन तोलण्याचे कामसुद्धा फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटातच) व्हावे, फॉस्जीन ओळखणारी दर्शक पट्टी अंगावर असावी, आणि अभिक्रिया संपल्यावर उरलेले फॉस्जीन नष्ट करण्याची सोय आधीच तयार असावी. धोका बाटलीतून दूर झाला आहे, फ्लास्कमधून दूर झालेला नाही.

तो फ्लास्कमधूनही काढायचा असेल तर कार्बोनिलडायइमिडॅझोलचा विचार करावा. यात फॉस्जीनमधील दोन क्लोरीन अणूंच्या जागी दोन इमिडॅझोल वलये असतात, त्यामुळे कार्बोनिल गट अमाइनला किंवा अल्कोहोलला दिला जातो, पण वाटेत फॉस्जीन कोठेही तयार होत नाही आणि हायड्रोजन क्लोराइडही सुटत नाही. दोन निरनिराळी अमाइने जोडून युरिया करायचा असेल, तर पहिले अमाइन घालून मधला टप्पा पूर्ण होऊ द्यावा आणि मगच दुसरे घालावे. अर्थात याच्याही मर्यादा आहेत. अभिक्रिया संथ असते आणि कमी क्रियाशील अमाइनांच्या बाबतीत ती अडते. ओलाव्याने हा पदार्थ विघटित होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे दमट झालेल्या बंद बाटलीत दाब वाढू शकतो. सुटणारे इमिडॅझोलही निरुपद्रवी नाही, कारण युरोपीय वर्गीकरणात ते गर्भाला अपायकारक मानले जाते. तरीही फॉस्जीनशी तुलना केली तर हा धोका हातमोजे आणि चांगली हवाखेळती जागा यांनी आवरता येण्याजोगा आहे, आणि माझ्या मते युरिया व कार्बामेटसाठी पहिला प्रयत्न याच पदार्थाने व्हायला हवा.

प्रश्न : कार्बोक्झिलिक आम्लांचे मिथिल एस्टर करताना डायझोमिथेनऐवजी ट्रायमिथिलसिलिल डायझोमिथेन वापरल्यास काचेच्या सांध्यांची आणि ओरखड्यांची काळजी करावी लागत नाही, हे वाचनात आले. मग त्याचा वापर बिनधास्त करता येईल का?

स्फोटाच्या बाबतीत आपण वाचले ते बरोबर आहे. डायझोमिथेन उणे २३ अंशांना उकळणारा पिवळा वायू आहे आणि घासलेल्या काचेच्या सांध्यांनी किंवा खडबडीत पृष्ठभागाने त्याचा स्फोट होऊ शकतो. सिलिकॉनयुक्त संयुग हेक्झेन किंवा ईथरमधील द्रावणाच्या रूपात विकत मिळते आणि तसे स्फोटक नसते.

मात्र विषारीपणाच्या बाबतीत ते डायझोमिथेनच्या फारसे मागे नाही. एस्टर करताना आपण त्यात मिथेनॉल घालतो. आम्लाच्या उपस्थितीत मिथेनॉल सिलिकॉनवर हल्ला करते, सिलिल गट निघून जातो आणि फ्लास्कमध्ये डायझोमिथेनच तयार होते. मूळ सिलिकॉनयुक्त संयुगही श्वासावाटे प्राणघातक ठरते. २००८ मध्ये कॅनडात एका रसायनतज्ज्ञाचा याच्या वाफांमुळे मृत्यू झाला. या घटनेची आठवण प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करून द्यावी, असे मला मनापासून वाटते, कारण डायझोमिथेनला घाबरणारा माणूस याच्या बाबतीत सैल होतो. चालू असल्याची खात्री केलेल्या फ्यूम हूडबाहेर ही बाटली उघडू नये.

त्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा : आपल्या रेणूला इतक्या सौम्य अभिकर्मकाची खरोखरच गरज आहे का? रेणू आम्ल सहन करत असेल तर मिथेनॉल आणि थोडेसे सल्फ्युरिक आम्ल पुरेसे होते. तो आम्ल सहन करत नसेल तर आधी सांगितलेल्या कार्बोनिलडायइमिडॅझोलने आम्ल सक्रिय करून त्यात मिथेनॉल घालता येते. डायमिथिल कार्बोनेट हाही पर्याय आहे. ते डायमिथिल सल्फेट किंवा मिथिल आयोडाइड यांच्यापेक्षा कितीतरी कमी विषारी आहे, पण मिथिल गट देण्यासाठी त्याला बहुधा १०० अंशांपलीकडे तापवावे लागते. ते स्वतः ९० अंशांना उकळणारे आणि ज्वलनशील असल्यामुळे दाब सहन करणारे पात्र लागते. येथे विषाच्या जागी उष्णता आणि दाब आले, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

प्रश्न : अल्कोहोलपासून आल्डिहाइड करताना क्रोमियम टाळायचे आहे. धातुविरहित पद्धती आपोआप अधिक सुरक्षित असतात असे समजावे का?

तसे समजू नये. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि त्याचा कचरा हाताळणे कठीण आहे, त्यामुळे ते टाळण्याचा आपला निर्णय योग्य आहे. तथापि त्याच्या जागी येणाऱ्या पद्धतींमध्ये बरेच अंतर आहे. आयोडीनवर आधारित आयबीएक्स हा ऑक्सिडीकारक आघाताने किंवा जोरदार तापवल्याने स्फोट पावू शकतो, म्हणून त्यात बेंझोइक आणि आयसोफ्थॅलिक आम्ल मिसळून केलेले स्थिर मिश्रण वापरणे श्रेयस्कर ठरते. डेस-मार्टिन संयुग हा आयोडीनवरच आधारित दुसरा ऑक्सिडीकारक १९८३ पासून वापरात आहे आणि ते नाजूक रेणूंसाठी उत्तम आहे. मात्र ओलाव्याने त्याचे विघटन होऊन आयबीएक्स तयार होते, आणि एक मोल अल्कोहोलमधून केवळ दोन हायड्रोजन अणू काढण्यासाठी त्याचे सुमारे ४२४ ग्रॅम खर्ची पडतात. डायमिथिल सल्फॉक्साइड ऑक्सिडीकारक म्हणून वापरणाऱ्या स्वर्न पद्धतीत कार्बन मोनॉक्साइड आणि दुर्गंधीयुक्त डायमिथिल सल्फाइड सुटतात, आणि उणे ७८ अंशांच्या आसपासचे तापमान सांभाळले नाही तर सक्रिय झालेले डायमिथिल सल्फॉक्साइड विघटित होऊ लागते.

रोजच्या कामासाठी मी टेम्पो आणि सोडियम हायपोक्लोराइट यांची जोडी सुचवीन. टेम्पो हा स्थिर मुक्तमूलक उत्प्रेरक म्हणून शेकडा एक मोल इतकाच लागतो, सोबत थोडे पोटॅशियम ब्रोमाइड असते, आणि बायकार्बोनेटने द्रावणाचा पीएच ९ च्या आसपास राखून बर्फाच्या तापमानाला अभिक्रिया केली जाते. मागे उरते ते मुख्यतः मीठ आणि पाणी. येथे एकच गोष्ट कसोशीने पाळावी : हायपोक्लोराइट उरलेले असताना मिश्रणात आम्ल घालू नये, कारण त्यातून क्लोरीन सुटतो. आधी सोडियम थायोसल्फेटने ते नष्ट करावे.

‘धातुविरहित’ या दाव्याबद्दलही सावध असावे. २००३ मध्ये लेडबीटर यांच्या गटाने संक्रमण धातूशिवाय सुझुकी प्रकारची जोडणी (दोन कार्बन अणू जोडणारी, एरवी पॅलेडियम लागणारी अभिक्रिया) होत असल्याचे प्रसिद्ध केले. २००५ मध्ये त्याच गटाने पुनर्तपासणी करून दाखवले की बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमधील पॅलेडियमच्या अंशामुळे, एक अब्ज भागांत ५० भाग इतक्या अल्प प्रमाणातही, ती अभिक्रिया घडत होती. आपल्याच निष्कर्षाची अशी फेरतपासणी करून ती जाहीर करणे हे मी आदर्श मानतो.

प्रश्न : एखादा नवा पर्याय प्रसिद्ध झाला की तो किती काळ पारखून घ्यावा?

काळापेक्षा, त्याची तपासणी कोणत्या परिस्थितीत झाली आहे, हे महत्त्वाचे. पेप्टाइड बंध तयार करताना वापरले जाणारे एचओबीटी कोरड्या अवस्थेत स्फोटक असते, म्हणून २००९ मध्ये ऑक्झिमा हे संयुग पुढे आले आणि ते झपाट्याने रुळले. ऑक्झिमाची स्फोटकता खरोखरच कमी आहे. पण २०१९ मध्ये असे दिसून आले की ते याच कामात लागणाऱ्या डायआयसोप्रोपिल कार्बोडायइमाइडबरोबर वापरले असता हायड्रोजन सायनाइड सुटतो. एकट्या पदार्थाच्या तपासणीतून हे कळण्यासारखे नव्हते. मिश्रण तपासल्यावरच ते उघड झाले.

अमाइनपासून अझाइड करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमिडॅझोल सल्फोनिल अझाइडची गोष्टही अशीच आहे. २००७ मध्ये त्याचा हायड्रोक्लोराइड क्षार सोयीस्कर आणि स्थिर म्हणून पुढे आला. नंतर तो साठवणीत धोकादायक होऊ शकतो असे आढळले, आणि २०१२ मध्ये हायड्रोजन सल्फेट व टेट्राफ्लोरोबोरेट हे क्षार अधिक सुरक्षित असल्याचे दाखवले गेले. म्हणून नवा पर्याय हाती घेताना सुरक्षा माहितीपत्रक वाचून थांबू नये. तो आपल्या द्रावकात, आपल्या इतर घटकांसह आणि आपल्या तापमानाला काय करतो याची माहिती शोधावी. ती मिळाली नाही तर सुरुवात काही मिलिग्रॅमपासून करावी. प्रमाण वाढवण्यापूर्वी मिश्रणाची उष्णतामापन चाचणी करून घ्यावी, आणि कोणता वायू सुटतो हेही पाहावे.