अँटीबॉडी चिकटली, पेशी मात्र सुटल्या नाहीत

प्रश्न : मी एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी वाढवते. ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी जोडून ठेवतं, म्हणून त्याच्याविरुद्धची मोनोक्लोनल अँटीबॉडी (एकाच पेशीच्या वंशातून, म्हणजे क्लोनमधून आलेली; हिचा क्लोन ३६) माध्यमात घातली. पेशी सुट्या होतील अशी अपेक्षा होती, पण रात्रभर ठेवूनही काही झालं नाही. याच अँटीबॉडीनं वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीनं ओळखायची चाचणी) १२० किलोडाल्टनपाशी ठसठशीत बँड दिला होता. अँटीबॉडी खराब झाली का? दुसरी मागवायला पैसे नाहीत असं सर म्हणतात. — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : अँटीबॉडी ठणठणीत आहे. तिची बसायची जागा पेशीच्या आत आहे, एवढंच.

ई-कॅडहेरिन पेशीच्या पटलातून आरपार गेलेलं असतं. बाहेर पाच खंड असतात. त्यातला टोकाचा खंड शेजारणीच्या तशाच खंडात अडकतो आणि पकड बसते. आतल्या बाजूला सुमारे दीडशे अमिनो आम्लांची शेपटी असते, ती कॅटेनिन प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिनच्या धाग्यांना बांधलेली. क्लोन ३६ ही या शेपटीच्या तुकड्यावर तयार केलेली अँटीबॉडी. जिवंत पेशीचं पटल ओलांडून ती आत शिरत नाही. ब्लॉटसाठी तुम्ही पेशी फोडल्या, प्रथिन उलगडलं, शेपटी उघडी पडली आणि बँड आला. अँटीबॉडी कुठे बसते हे माहितीपत्रकात छापलेलं असतं. तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून गेले की माझा पहिला प्रश्न तोच असतो, आणि बहुतेक वेळा उत्तर म्हणून कंपनीचं नाव ऐकायला मिळतं.

पकड सोडवायची तर बाहेरच्या खंडांवर बसणारी अँटीबॉडी हवी. मानवी पेशींसाठी एचईसीडी-१ नावाचा क्लोन त्यासाठीच वापरतात. पण नुसतं बाहेर बसणंही पुरत नाही. पेशीला खालच्या पृष्ठभागाशी धरून ठेवणाऱ्या इंटिग्रिन प्रथिनाच्या बीटा-१ साखळीचंच पाहा. एआयआयबी२ ही अँटीबॉडी तिच्यावर बसली की पेशीची पकड सुटते. टीएस२/१६ बसली तर पकड उलट घट्ट होते. के२० बसते आणि काहीच करत नाही. तिन्ही एकाच साखळीवर, तिन्ही बाहेरून! म्हणून ‘अमुक प्रथिनाची अँटीबॉडी वापरली’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. क्लोन कोणता, तो बसतो कुठे आणि बसल्यावर करतो काय, हे लिहिल्याशिवाय प्रयोग कळत नाही.

पुढेमागे एचईसीडी-१ मिळाली तरी ती भरगच्च वाढलेल्या थरावर नुसती ओतू नका. थर नीट बांधलेला असेल तर पेशींच्या माथ्याजवळ घट्ट सांधे झालेले असतात. ई-कॅडहेरिन त्यांच्या खाली. वरून घातलेली अँटीबॉडी तिथवर पोहोचत नाही. आधी माध्यमातलं कॅल्शियम काढून सांधे सोडवायचे, मग अँटीबॉडीच्या सोबतच कॅल्शियम परत द्यायचं (डीएमईएम या नेहमीच्या माध्यमात ते १.८ मिलिमोलर असतं) आणि सांधे पुन्हा जुळतात का ते बघायचं. तुलनेसाठी एका ताटलीत त्याच उपवर्गाची, पण कशावरही न बसणारी उंदराची अँटीबॉडी हवीच. आणि बाटलीत सोडियम अझाइड आहे का ते आधी पाहा. ब्लॉटला त्यानं फरक पडत नाही, पण जिवंत पेशी त्यानं मरतात. मेलेल्या पेशी सुट्या होतात, आणि विद्यार्थी खूश होतात.

आता पैशांचं. हातात आहे त्याच अँटीबॉडीवर मी तर जास्त चांगला प्रकल्प करीन.

सत्तरच्या दशकात मासातोशी ताकेइची क्योतोहून बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले. तिथे ट्रिप्सिननं (प्रथिनं कापणाऱ्या विकरानं) सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकत्र येईनात. क्योतोत तर त्या झटकन गोळा व्हायच्या. कारण निघालं ते ट्रिप्सिनच्या द्रावणात. बाल्टिमोरच्या द्रावणात ईडीटीए होतं, क्योतोच्या नव्हतं. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं. कॅल्शियम असेल तर पकडीचं प्रथिन ट्रिप्सिनला दाद देत नाही, नसेल तर कापलं जातं. यातून पुढे कॅडहेरिन हाती लागलं. १९८४ मध्ये त्यांच्या गटानं ईसीसीडी-१ ही मोनोक्लोनल अँटीबॉडी तयार केली. तिनं उंदराच्या पेशींची कॅल्शियमवर अवलंबून असलेली पकड रोखली, आणि त्या पकडीमागचं प्रथिन तिच्याच मदतीनं ओळखता आलं.

हाच प्रयोग तुम्ही करा. ईडीटीए नसलेलं ट्रिप्सिन घ्या, ०.०१ टक्का पुरे. एका भागात १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाला, दुसऱ्यात तेवढंच ईडीटीए. ३७ अंशांवर पेशी त्यात ठेवा, सोयाबीनच्या ट्रिप्सिन-रोधकानं क्रिया थांबवा आणि क्लोन ३६ वापरून ब्लॉट करा. कॅल्शियम असलेल्या रांगेत १२० चा बँड टिकायला हवा. ईडीटीएच्या रांगेत तो जायला हवा, आणि बराच खाली एखादा लहान तुकडा दिसला तर ती आत सुरक्षित राहिलेली शेपटी. हे दाखवायला शेपटीवर बसणारीच अँटीबॉडी लागते. सोबत एमडीए-एमबी-२३१ या स्तनकर्करोगाच्याच दुसऱ्या पेशींची एक रांग चालवा. त्यांच्यात ई-कॅडहेरिन नसतंच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहात दोन्ही वाण आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या स्तनाच्या बायोप्सीच्या अहवालात ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ असं लिहिलंय. हे वाईट आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : या एका ओळीवरून घाबरू नका. गाठ कोणत्या प्रकारची आहे हे ठरवायला ही चाचणी करतात. मेणात बसवलेल्या तुकड्याचा पातळ काप काढतात आणि अँटीबॉडी जिथे बसेल तिथे तपकिरी रंग येतो. (वरच्या उत्तरातली आत-बाहेरची अडचण इथे येत नाही, कारण काप घेताना पेशीच चिरली जाते.) लोब्युलर प्रकारच्या कर्करोगात बहुतेक वेळा ई-कॅडहेरिन नाहीसं झालेलं असतं, म्हणून पेशी घोळका न करता एकामागे एक अशा ओळीत पसरतात. डक्टल प्रकारात ते सहसा शिल्लक असतं. त्याच काचेवरच्या निरोगी नलिका तपकिरी झाल्यात ना, हे पॅथॉलॉजिस्ट पाहतात. त्या झाल्या असतील तरच ‘निगेटिव्ह’ला अर्थ.

उपचार ठरतात ते मुख्यतः ईआर, पीआर (संप्रेरकांचे ग्राहक), हर-२ (पेशीच्या वाढीशी संबंधित प्रथिन) यांच्या चाचण्या आणि आजाराच्या टप्प्यावरून. डॉक्टरांना एक मात्र विचारा. लोब्युलर गाठ मॅमोग्राममध्ये कधीकधी नीट दिसत नाही, तेव्हा एमआरआय हवा का? घरात आणखी कुणाला लोब्युलर कर्करोग किंवा जठराचा पसरट प्रकारचा कर्करोग झाला असेल तर तेही आपणहून सांगा. ई-कॅडहेरिन बनवणाऱ्या सीडीएच-१ जनुकातला दोष काही कुटुंबांत पिढीजात असतो. गाठीत प्रथिन नाही म्हणजे दोष वारशानं आला, असं मात्र नाही.

प्रश्न : अशा अँटीबॉडीच्या प्रत्येक बाटलीसाठी उंदीर मारावा लागतो का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीचा मायलोमा या कर्करोगाच्या पेशीशी संयोग घडवून आणला. झालेली संकरपेशी एकच अँटीबॉडी बनवते आणि वाढतच राहते. (१९८४ मध्ये त्यांना यर्ने यांच्यासह नोबेल मिळालं.) उंदीर लागतो तो सुरुवातीला. चांगला क्लोन द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवला की हवा तेव्हा काढून फ्लास्कमध्ये वाढवता येतो. पूर्वी या पेशी उंदराच्या पोटात वाढवून तिथलं पाणी काढत. ते क्रूर होतं आणि बऱ्याच देशांत आता त्याला परवानगी मिळणं अवघड आहे. अलीकडे तर क्लोनच्या अँटीबॉडी जनुकांचा क्रम वाचून ती दुसऱ्याच पेशींत तयार करतात. त्याचा व्यवहारी फायदाही आहे : जुन्या संकरपेशी कधीकधी जनुक हरवून बसतात, पण क्रम एकदा लिहून ठेवला की तोच क्लोन पुन्हा बनवता येतो.