'हातानं रंगवलेली प्रिंट' की 'प्रिंटवरून काढलेलं चित्र'?

प्रश्न असा आलाय : काबुकी म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकातल्या नटांची जुनी छापील चित्रं असतात ना, अठराव्या शतकातल्या शाराकू या चित्रकाराची वगैरे, ती बघून कोणीतरी ब्रश-रंगांनी हुबेहूब काढलेली चित्रं प्रदर्शनात लावायची आहेत, खाली मराठी पाटी हवीये. तर 'हातानं रंगवलेली प्रिंट' लिहायचं, 'प्रत' लिहायचं, 'प्रतिकृती' लिहायचं की 'नक्कल'?

पहिला पर्याय तर आधी खोडा, कारण हातानं रंगवलेली प्रिंट ही जपानमध्ये खरोखरच एक वेगळी वस्तू होती. 1765 च्या सुमाराला बहुरंगी छपाई म्हणजे निशिकी-ए सुरू झाली, त्याच्या काही दशकं आधीपर्यंत लाकडी ठशानं फक्त काळ्या रेषा छापायचे आणि रंग वरून हातानं भरायचे. त्यातल्या एका जातीचं नावच तान-ए, आणि तान म्हणजे आपला शेंदूर! तोरी घराण्याच्या चित्रकारांनी एदोमधल्या (आजचं तोक्यो) नटांची अशी चित्रं भरपूर केलीत. म्हणजे तुमच्या पाटीवर 'हातानं रंगवलेली प्रिंट' वाचलं की जाणकार माणसाला वाटणार ही अठराव्या शतकाच्या सुरुवातीची अस्सल चीज आहे, आणि तो जवळ जाऊन बघणार तर कागदावर ठसा उमटलेलाच नाही, सगळं ब्रशनं काढलेलं.

आता 'प्रत'. हा शब्द मला फार आवडतो पण इथे तो गोत्यात आणतो. शाराकूचं सगळ्यात गाजलेलं चित्र घ्या, 1794 चं, ओतानी ओनिजी हा नट एदोबेई नावाच्या खलनायकी नोकराच्या भूमिकेत : मान पुढे काढलेली, तोंड आवळलेलं, आणि छातीपाशी कपड्यातून बाहेर आलेले ते बोटं फाकवलेले दोन हात. चित्रकारानं रेखाटन केलं, कोरणाऱ्यानं चेरीच्या फळ्या कोरल्या, छापणाऱ्यानं एकेका रंगाची फळी कागदावर घासून छापली आणि या सगळ्यांच्या मागे पैसा आणि डोकं लावणारा प्रकाशक होता त्सुताया जुझाबुरो. असं छापलेलं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, एक तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात, आणखीही आहेत, आणि ती सगळी मूळच. पुस्तकाच्या प्रती असतात तशा या त्या चित्राच्या प्रती. तेव्हा 'प्रत' हा शब्द त्यांच्यासाठीच राखून ठेवूया, हातानं काढलेल्या चित्राला तो दिला की नुसता गोंधळ.

'प्रतिकृती' चुकीचं नाही, पण फार ढगळ आहे. जपानमध्ये जुन्या चित्रावरून नव्यानं फळ्या कोरून पुन्हा छापतात, त्याला फुक्कोकु म्हणतात, तीही प्रतिकृतीच, ऑफसेटचं पोस्टरही प्रतिकृतीच. वाचणाऱ्याला हात कुठे लागलाय ते कळत नाही, आणि इथे तर तीच मुख्य गोष्ट आहे. कारण ब्रशनं काढलेल्या चित्रात नेमकं काय बदलतं बघा : कपाळापाशी जिथे केस सुरू होतात तिथल्या केसासारख्या बारीक रेषा कोरणारा अख्खं कसब पणाला लावून लाकडात उभ्या ठेवतो, आणि ब्रशवाला तिथे रंग पातळ करून ओढतो, म्हणून त्या कुठे जाड कुठे बारीक होतात. छापील चित्रात नटाच्या मागची ती काळपट चमक अभ्रकाच्या पुडीची असते, तिथे बहुतेकदा साधा करडा रंग येतो. हे कमीपणाचं नाही, वेगळं कौशल्य आहे, आणि पाटीनं ते सांगायला हवं.

'नक्कल'बद्दल लोक उगाच नाक मुरडतात असं माझं मत आहे. तहसील कचेरीत आपण नक्कल मागतो तेव्हा त्यात काही खोटं नसतं, उलट शिक्का मारून देतात. पण चित्राच्या बाबतीत 'नक्कल केली' म्हटलं की चोरीचा वास येतोच, आणि काढणाऱ्यावर तो अन्याय होईल. 'बनावट' तर फसवायचा हेतू असेल तरच.

माझ्या मते उत्तर नामात नाहीच, ते 'वरून' या शब्दयोगीत आहे. फोटोवरून काढलेलं चित्र, मूर्तीवरून काढलेलं चित्र, हे आपण सहज म्हणतो, ऐकणाऱ्याला लगेच कळतं की मूळ एक आहे आणि समोरचं दुसऱ्या हातचं आहे. फसवणूकही नाही आणि हिणवणंही नाही.

आणि याकुशा-एला, म्हणजे काबुकी नटांच्या या चित्रांना, 'व्यक्तिचित्र' नका म्हणू, 'नटचित्र' म्हणा. त्यात नुसता माणूस नसतो, भूमिकेतला नट असतो, प्रेक्षक दोघांनाही ओळखून चित्र विकत घ्यायचे. आपल्याकडे जसं 'बालगंधर्वांची सिंधू' म्हणतात, अगदी तसंच 'ओतानी ओनिजीचा एदोबेई' म्हणता येतं. स्त्रीभूमिकेतल्या नटाचं चित्र असेल तर ओन्नागाताला, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला, आपला 'स्त्रीपार्टी' शब्द चपखल बसतो, काबुकीतही बायकांची कामं पुरुषच करायचे.

तेव्हा पाटी अशी लिहा : 'ओतानी ओनिजीचा एदोबेई. शाराकूच्या 1794 च्या छापील नटचित्रावरून हातानं काढलेलं चित्र.' खाली ज्यानं काढलं त्याचं नाव आणि साल नक्की टाका, आणि 'छापील' हा शब्द जागा कमी पडली तरी गाळू नका, नाहीतर मूळ चित्रही हातानंच काढलेलं होतं असा अर्थ निघतो.