नवऱ्यानं जर्मन नागरिकत्व घेतलं तर कोल्हापूरची शेती जाईल का?

ताई, तुम्ही विचारलंय की नवरा सहा वर्षं म्युनिकला आहे, आता जर्मन नागरिकत्व घ्यायचं म्हणतोय, तिकडं दोन्ही पासपोर्ट चालतात म्हणे. मग सासरची करवीर तालुक्यातली दोन एकर जाईल का, आणि मुलीचं व येणाऱ्या बाळाचं काय? मी वकील नाही. माझा धाकटा भाऊ शिरोलीच्या फौंड्रीतली नोकरी सोडून 2017 साली श्टुटगार्टला गेला आणि 2025 मध्ये जर्मन झाला. त्याचे इकडचे सगळे कागद मीच नाचवले, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

दोन्ही पासपोर्ट चालतात हे अर्धंच खरं. जर्मनीनं 27 जून 2024 पासून कायदा बदलला: आठाऐवजी पाच वर्षं राहिलं की अर्ज करता येतो आणि मूळ नागरिकत्व सोडायची अट गेली. (तीन वर्षांतली एक झटपट सवलतही आणली होती, ती ऑक्टोबर 2025 मध्ये काढून टाकली.) पण आपला 1955 चा नागरिकत्व कायदा आहे तिथंच आहे. त्याच्या कलम 9 प्रमाणे आपखुशीनं परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. भावाला इथल्या एका एजंटानं सल्ला दिला होता, "जुना पासपोर्ट ठेवा की गप खिशात, कोण बघतंय?" ते ऐकलं असतं तर नसता गुन्हा अंगावर आला असता. पासपोर्ट वकिलातीत जमा करायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग ओसीआय कार्डाचा अर्ज. (ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, ते नागरिकत्व नव्हे.)

आता शेती. आमच्याकडं भावकीत दोन वर्षं हीच चर्चा, की परदेशी माणसाचं नाव सातबाऱ्यावर राहत नाही. राहतं. वडील 2022 ला गेले, वारस नोंद झाली, भावाचं नाव लागलं, आणि तो जर्मन झाल्यावरही ते तसंच आहे. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही मिळत नाही. वारसानं मात्र मिळते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच, आणि महाराष्ट्रात घेणाराही शेतकरी लागतो. गंमत अशी की परकीय चलनाच्या कायद्यानं ही बंधनं तुमच्या नवऱ्याला आजही लागू आहेत, कारण तो परदेशात राहतो, म्हणजे एनआरआय आहे. पासपोर्ट निळा असो की लाल, सासऱ्यांना त्याच्या नावे शेत बक्षीस करता येणार नाही. त्यामुळं भावकीतलं कोणी "तो परका झाला, हक्कसोड करून दे" म्हणायला लागलं तर सही करू नका. आमच्याकडं तेच झालं होतं, नाव सांगत नाही.

मला विचाराल तर शेतापेक्षा पोरांच्या कागदांकडं बघा. माझी पुतणी 2019 ची, तिकडंच जन्मलेली. तेव्हा मूल जन्मतःच जर्मन व्हायला आई किंवा बापाची तिथं आठ वर्षं लागायची; भावाची भरलेली नव्हती, म्हणून ती भारतीय. पुतण्या सप्टेंबर 2024 चा. तेव्हा भावाची सात वर्षं झालेली आणि तिथं राहायचा कायमचा परवाना हातात. जुन्या कायद्यानं तोही भारतीयच राहिला असता, पण पाच वर्षांची अट आल्यामुळं जन्मतःच जर्मन. वहिनी अजून भारतीय. म्हणजे चौघांचं घर, त्यात दोन एका देशाचे, दोन दुसऱ्या. आईला बाळाचं जावळ जोतिबाला काढायचं होतं. ओसीआय आलं नव्हतं, शेवटी ई-व्हिसा काढून आणलं. आई म्हणाली, "आजीच्या घरी यायला पोराला परवानगी?" तिला कायदा समजावणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

बाळ तिकडंच जन्मलं तर तुमचंही तसंच होईल, फक्त जन्माच्या दिवशी नवऱ्याकडं कायमचा परवाना पाहिजे. नुसती पाच वर्षं पुरत नाहीत, ते आधी बघून घ्या. बाळ जर्मन झालं तर भारतीय म्हणून नोंद करायला जाऊ नका. तिथं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं.

हे आमच्याच वाट्याला आलंय असं वाटायचं. मग एकदा गांधीनगरला कापड घेताना दुकानातल्या सिंधी आजोबांशी विषय निघाला. फाळणीनंतर त्यांची माणसं वळिवड्याच्या छावणीत आली, त्याआधी तिथं पोलंडचे निर्वासित राहायचे. राज्यघटनेच्या कलम 6 मध्ये 19 जुलै 1948 ही तारीख आहे. त्याआधी पाकिस्तानातून येऊन इथंच राहिला तो नागरिक, नंतर आला त्यानं नोंदणी करून घ्यायची. आजोबा म्हणाले, थोरले काका आधी, धाकटे नंतर.

ओसीआयवर मात्र फार विसंबू नका. मत नाही, सरकारी नोकरी जवळजवळ नाहीच. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर कार्ड मिळालेल्या मुलांना नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतून फक्त एनआरआय जागा. मुलीला इकडं डॉक्टर करायचं मनात असेल तर नवऱ्याच्या अर्जात तिचं नाव घालायच्या आधी दोघांनी बसून बोला. आमची वहिनी त्याच कारणानं पुतणीचा अर्ज अडवून बसली आहे. भाऊ वैतागलाय, पण मला तिचं पटतं.