खोली मिळतेय, सही करू का?

आर्णी तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा आठ वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला, गावच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीत. शाळेतली एक रिकामी खोली तीन गावांतल्या पाच दिव्यांग मुलांच्या वर्गासाठी द्यायची, असं शाळा व्यवस्थापन समितीनं ठरवलंय आणि मुख्याध्यापकांनी तिची सही मागितलीय. नवरा म्हणतो, सही केली की पोरावर कायमचा शिक्का. सासू म्हणते, ग्रहणात भाजी चिरली त्याचं हे फळ. पुढे ती लिहिते: "मावशी, तो कोणाले त्रास देत नाही. मांगच्या भितीले टेकून बसते अन् पाहत राह्यते. खिचडीच्या वेळी साऱ्याईच्या ताटल्या लाईनीत मांडते. कोणी आलं नसन तर त्याची ताटली बाजूले ठेवते. वेगळ्या खोलीत बसवलं त् ताटल्या कोण मांडन? सही करू का नको?"

पोरी,

आधी सासूबाईंचं मिटवू. डाउन सिंड्रोममध्ये बाळाच्या पेशींत एकविसावं गुणसूत्र एक जास्तीचं असतं. हे गर्भ राहतानाच ठरून जातं. त्यात ना ग्रहण असतं ना विळी. तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही. हे त्यांना डॉक्टरच्या तोंडून ऐकवता आलं तर ऐकव. नाही पटलं तरी तू मनातून ते काढून टाक.

आता खोलीचं. माझ्या भाचीच्या शाळेत अशी खोली झाली होती. दारावर नवी पाटी, भिंतीवर रंगवलेली फुलपाखरं. चार महिन्यांनी मी गेले तर आत मोडके बाक नि तांदळाची रिकामी पोती, आणि त्यांच्या मधल्या जागेत चटईवर भाची झोपलेली. शिकवणाऱ्या बाई आल्याच नव्हत्या, पण पोरीला मात्र रोज सकाळी त्या खोलीत नेऊन सोडत होते. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून तुझी भीती मला खुळी वाटत नाही.

तरीही खोली नको म्हणू नकोस. मागच्या भिंतीला टेकून पाहत राहणं म्हणजे शिकणं नव्हे, हे तुझ्याच पत्रात आहे. अशा खोलीला संसाधन कक्ष म्हणतात, नि चांगला चाललेला कक्षही मी पाहिलाय. विशेष शिक्षिका एका मुलाच्या हाताला हात लावून शर्टाची बटणं लावायला शिकवत होत्या. शेजारी दुसरी मुलगी तुरीचे दाणे पाच-पाचचे ढीग करून मांडत होती. पाऊण तास झाला की दोघं उठून आपापल्या वर्गात गेली. चाळीस मुलांच्या वर्गात गुरुजींना हे जमत नाही, त्यांची नियत कितीही चांगली असली तरी.

तेव्हा सही कर, पण त्या कागदावर तुझ्या अटी लिहून कर. त्याचं नाव दुसरीच्या हजेरीपटावरच राहील. परिपाठ, खेळ आणि जेवण सगळ्यांसोबत होईल. खोलीत तो रोज ठरलेल्या तासालाच जाईल. विशेष शिक्षक कोण आणि कोणत्या वारी येणार, तेही त्यात असू दे. हे शिक्षक पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातून येतात नि त्यांच्याकडे बऱ्याच शाळा असतात. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलंय. तुमची मुलं पाच, त्यामुळे रोज कुणी येईल असं धरून चालू नकोस. पण ज्या दिवशी बाई येणार नाहीत, त्या दिवशी पोरगं आपल्या वर्गात बसेल, एवढं तरी कबूल करून घे. त्याच्यासाठी वर्षभराचा वैयक्तिक आराखडा होतो, तो समोर बसून करायला सांग.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत शिर. तिथे 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या बाया असाव्या लागतात. वेचणीचे दिवस आहेत, मजुरी बुडते, सगळं कळतं मला. तरी बैठकीला जा. खोली मोडक्या बाकांची होऊ नये यावर लक्ष ठेवणारं कुणी आतलं हवं.

नवऱ्याच्या शिक्क्याचं ऐक. गावानं त्याला नाव ठेवायचं ते केव्हाच ठेवलंय, कागदानं ते वाढत नाही. उलट 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात असलं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं त्याला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, आणि जवळची शाळा की विशेष शाळा हे निवडायचा हक्कसुद्धा. उद्या कुणी म्हणालं की याला दूरच्या निवासी शाळेत टाका, तर ठरवणारे तुम्ही. त्या प्रमाणपत्रासाठी सेतू केंद्रात युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरा. तपासणीला यवतमाळला बापानंच घेऊन जावं, असं मला वाटतं. डॉक्टरांसमोर पोरगं काय काय करतं, ते त्यालाही दिसेल.

राहिल्या ताटल्या. तुझं पोरगं रोज अख्खी शाळा मोजतं, कोण आलं नाही तेही त्याला कळतं. हे पहिल्याच दिवशी त्या बाईंना सांग. त्याचं गणित तिथूनच सुरू करू देत.

तुझी मावशी