इंटर्नशिपच्या स्टायपेंडवर पुण्यात मे-जून निघतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एस.वाय.बी.कॉम. संपतंय, गाव परभणीकडे, मे आणि जून पुण्यातच राहून इंटर्नशिप करणार, महिना ८,००० स्टायपेंड. हे दोन महिने घरून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. कॉट (फ्लॅटमधल्या एका खाटेचं भाडं) ४,०००, दोन वेळची मेस ३,०००. खात्यात ९,५०० आहेत आणि जूनअखेर टी.वाय.ची ६,००० फी भरायची आहे. जमेल का, आणि काही मागे पडेल का?

जमेल. थोडे मागेही पडतील. पण जूनच्या शेवटी तुम्ही अडकणार आहात, आणि ते प्रश्नात कुठेच दिसत नाही. मी लातूरचा, बी.कॉम. पुण्यातच केलं, आता एका सीएंच्या ऑफिसात काम करतो, त्यामुळे नजर आधी तारखांकडे जाते.

मेचा स्टायपेंड मेमध्ये हातात येत नाही. बहुतेक ठिकाणी महिना भरला की पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला जमा होतो. म्हणजे पहिले ८,००० जूनमध्ये आणि दुसरे जुलैमध्ये. आता मांडून बघा. जूनअखेरपर्यंत जमा: ९,५०० अधिक ८,००० म्हणजे १७,५००. खर्च: दोन महिन्यांची कॉट आणि मेस १४,०००, फी ६,०००, बस-रिचार्ज-साबण-चहा काटकसरीने धरले तरी ३,०००. एकूण २३,०००. साडेपाच हजारांची तूट. जुलैच्या १० तारखेला दुसरा स्टायपेंड आला की ती भरून निघते आणि वर २,५०० उरतात. तोपर्यंतचे दहा-पंधरा दिवस मुलं मैत्रिणीकडून, मित्राकडून उसने घेतात, नाहीतर फोनवर लोन ॲप उतरवतात. दुसऱ्या वाटेला अजिबात जाऊ नका. मोबाईलमधले कॉन्टॅक्ट मागणारं कुठलंही कर्ज घ्यायचं नाही, मग ते ५,००० का असेना.

साडेपाच हजार उभे कुठून करायचे? सगळ्यात आधी फी. प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला तर बरीच कॉलेजं दोन हप्ते करून देतात, फक्त विचारावं लागतं. निम्मी जूनमध्ये, निम्मी जुलैमध्ये, म्हणजे ३,००० पुढे गेले.

मग मेस. ऑफिसात दुपारचं जेवण आहे का, हे इंटरव्ह्यूत कुणी विचारत नाही. जॉइन व्हायच्या आधी एचआरला मेसेज टाकून विचारा. असेल तर मेस एक वेळची करा. दोन वेळचे ३,००० असतील तर एक वेळचे साधारण १,८०० पडावेत. दोन महिन्यांत २,४०० वाचले. जेवण नसेल तर डबा लावण्याआधी मेसवाल्या काकूंना विचारा, दुपारचा भरून देतील का. आणि खाड्याचा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होण्याचा) नियम नीट समजून घ्या. बहुतेक मेसमध्ये एखाद्या दिवसाचा खाडा धरत नाहीत, सलग तीन-चार दिवस आणि तेही आदल्या दिवशी सांगितलं तरच. मेमध्ये गावी लग्नाला जाणार असाल (मराठवाड्यातल्या माणसाला मेमध्ये लग्न चुकत नाही) तर एक-एक दिवसाच्या दोन खेपांपेक्षा सलग चार दिवस जा. खाडाही मिळतो आणि एक भाडंही वाचतं. एस.टी.त मार्च २०२३पासून महिलांना, म्हणजे तुम्हालाही, निम्मं तिकीट आहे, तेव्हा खासगी ट्रॅव्हल्सचे मेमधले दर बघून घाबरायचं कारण नाही. रेल्वेने जायचं तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, लग्नाची तारीख कळली की काढून टाका. काही मेस मेमध्ये आठवडा-पंधरवडा बंदही असतात. पैसे भरण्याआधी तेही विचारा.

झाले ५,४००. राहिलेले शंभर कुठेही निघतील.

आता लाईट बिल. हा खर्च तुमच्या प्रश्नात नाही, आणि मेमध्ये भांडणं यावरूनच होतात. फ्लॅटवर तुम्ही तिघी-चौघी असाल, बाकीच्या गावी जातील. पंखा रात्रभर, कुणी कूलर ठेवून गेलेलं, आणि बिल आलं की ग्रुपवर मेसेज, ‘आम्ही तर नव्हतोच.’ महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, १०० युनिटच्या वर गेलं की वरच्या युनिटला जास्त दर. मैत्रिणी ज्या दिवशी निघतील त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका आणि तिथेच ठरवून घ्या: फिक्स आकार सगळ्यांचा, त्या तारखेनंतरचे युनिट तुमचे. परत आल्यावर पुन्हा एक फोटो. कॉटचं भाडं मात्र त्यांनी रिकाम्या महिन्याचंही द्यायचं असतं, ते तुमच्या अंगावर घेऊ नका.

स्टायपेंडसाठी कंपनीने नवीन खातं उघडायला लावलं तर दोन गोष्टी बघा. एक, फॉर्ममध्ये सरकारी अनुदानासाठी आधार जोडायचा रकाना असतो. न वाचता टिक केली तर महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती पुढे त्या खात्यात जायला लागते, कारण ती शेवटी ज्या खात्याला आधार जोडला असेल तिथेच जाते. वर्षभराने ‘शिष्यवृत्ती आलीच नाही’ म्हणत समाज कल्याणच्या खेपा घालणारी पोरं मी बघितली आहेत. पैसे दुसऱ्याच बँकेत पडून असतात. दोन, पगार जमा होणं थांबलं की असं खातं साधं बचत खातं होतं आणि किमान शिलकीचा दंड लागू शकतो. इंटर्नशिप संपली की बंद करून टाका. शिष्यवृत्ती या दोन महिन्यांच्या हिशेबात धरूच नका. आली तर आली.

टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर): १६,००० रुपयांवर तुम्हाला कर लागण्याचा प्रश्नच नाही, पण काही ऑफिसं इंटर्नचे सरसकट दहा टक्के कापतात. पॅन दिला नसेल तर वीस. कापलेच, तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. आयकर पोर्टलवर पॅनच्या नावे असलेली करकपातीची नोंद बघून खात्री करा की कापलेला पैसा सरकारकडे जमा झालाय.

जोडधंदा हवाच असेल तर तुमच्या हातात एक चांगली गोष्ट आहे. बारावी कॉमर्सच्या नव्या बॅचेस एप्रिल-मेमध्येच सुरू होतात आणि बुक-कीपिंगला मुलं अडतात. सोसायटीतली दोन मुलं शनिवार-रविवार घेतलीत तरी बसचा खर्च निघेल. टेलिग्रामवरच्या ‘व्हिडिओ लाईक करा, रोज पैसे’ वगैरेला हात लावू नका. नोकरीसाठी आधी रजिस्ट्रेशन फी मागणारा चोरच. आणि कुणी ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दोन हजार देतो’ म्हणालं तर तिथेच संपवा. त्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, खातं गोठवलं जातं, आणि पोलीस तुमच्या परभणीच्या पत्त्यावर येतात. फसलातच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

फीच्या हप्त्याचा अर्ज मात्र मेच्या पहिल्या आठवड्यातच द्या आणि पोच घ्या. जूनमध्ये ऑफिसात ॲडमिशनची रांग असते, खिडकीवर कुणी मान वर करून बघत नाही.