न्यू ऑर्लिन्समधला पहिला मार्डी ग्रा: आधी गाडीची जागा ठरवा

मार्डी ग्रा म्हणजे इथला रथांच्या परेडचा सण, त्याच नावाच्या मंगळवारी संपणारा. त्यातल्या पहिल्याच फजितीबद्दल तुम्ही लिहिलंत: नेपोलियन अव्हेन्यूपासून दोन गल्ल्यांवर, सेंट चार्ल्स अव्हेन्यू आणि नदीच्या मध्ये घर, मुलं पाच आणि आठ वर्षांची, आणि पहिल्याच शनिवारी न्यूट्रल ग्राउंडवरून गाडी उचलून नेली. त्यात तुमचं ते वाक्य, ‘पावसात तर सगळे तिथेच लावत होते’. हीच चूक आम्हाला सगळ्यात महाग पडली होती, म्हणून लिहितोय. परेडच्या तारखा-वेळा तुम्हाला मिळतीलच, त्या सोडतो.

न्यूट्रल ग्राउंड म्हणजे दुहेरी रस्त्याच्या मधला गवताचा उंच पट्टा. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली, पाणी पंपांनी उपसावं लागतं. म्हणून मोठ्या पावसाचा इशारा आला की शहर प्रशासन तिथे तात्पुरतं पार्किंग चालवून घेतं, तेही जाहीर झालं तरच. ट्रामचे रूळ असलेल्या पट्ट्यावर पावसातही लावू नका. कार्निव्हलमध्ये, म्हणजे मार्डी ग्राच्या दिवसांत, ही सूट गृहीत धरू नका. परेडच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास नेपोलियन आणि सेंट चार्ल्स या परेडच्या रस्त्यांच्या कडेलाही गाडी चालत नाही. गल्लीत लावताना क्रॉसिंग, चौक आणि स्टॉप साइनपासून २० फूट, फायर हायड्रंटपासून १५ फूट सोडा. लोक नेमके कोपऱ्यावर फसतात.

तुमचं घर ‘बॉक्स’मध्ये येतं: एकीकडे नदी, बाकी बाजूंनी परेडचा मार्ग. एकदा रस्ते बंद झाले की गाडी बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. कोणाची रात्रपाळी असेल, डॉक्टरकडे जायचं असेल, तर गाडी दुपारीच बॉक्सबाहेर नेऊन ठेवा. सेंट चार्ल्सची ट्रामही परेडच्या वेळी त्या मार्गावर मिळत नाही.

गाडी सोडवायला, ज्याच्या नावावर आहे त्यानेच जावं, लायसन्स, रजिस्ट्रेशन, विमा सगळं घेऊन. फोनवर एक सांगतात आणि खिडकीवर दुसराच कागद मागतात, तोवर साठवणुकीचे पैसे चढत राहतात. नवख्या माणसाला असं हेलपाटे घालायला लावणं मला आजही चीड आणतं. (हा माझा अनुभव, नियम आणि दंड दर वर्षी तपासून घ्या.)

माझं ठाम मत: याच आठवड्यात शेजाऱ्यांकडे किंग केक, म्हणजे या सणाचा खास केक, घेऊन जा. ६ जानेवारीपासून मार्डी ग्रापर्यंत तो घरोघर, ऑफिसांत फिरत असतो. ज्याच्या तुकड्यात प्लास्टिकचं बाळ येतं त्याने पुढचा आणायचा. ओळख झाली की ड्राइव्हवे आणि बाथरूम, दोन्ही प्रश्न सुटतात. वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यावर उभी राहणारी कुटुंबं तुमच्या मुलांनाही सामावून घेतात.

मुलांसाठी वर बसायचं खोकं ठोकलेली शिडी मिळते. ती रस्त्याच्या कडेपासून ६ फूट मागे ठेवायची, दुसऱ्या शिडीला बांधायची नाही, आणि मागे एक मोठं माणूस कायम उभं हवं. रथांवरून मण्यांच्या माळा फेकतात; माळ खाली पडली तर तिच्यावर आधी पाय ठेवा, मग उचला. नाहीतर बोटं चिरडतात. रथाखाली गेलेली माळ सोडून द्यायची, हे मुलांना घरीच बजावा. ओळखीचं कोणी रथावर असेल तर ते ‘न्यूट्रल ग्राउंड साइड’ला आहेत की ‘साइडवॉक साइड’ला, हे आधी विचारा, चुकीच्या बाजूला उभे राहिलात तर ते दिसणारही नाहीत. आणि मार्डी ग्राच्या मंगळवारी सकाळी झुलू या मंडळाच्या परेडमधला रंगवलेला नारळ हवा असेल, तर तो फेकत नाहीत, हातात देतात. मुलाला कडेवर घेऊन रथ थांबायची वाट बघा.