पासवर्ड बरोबर असूनही काही जणांनाच अपाचे पुन्हा पुन्हा लॉगिन का मागतो?

तुमची अडचण मला समजली ती अशी: उबुंटूवर अपाचे २.४ हा वेब सर्व्हर आहे, सभासदांची नावं आणि पासवर्डचे हॅश (पासवर्डवरून बनवलेली, उलट न फिरवता येणारी अक्षरमाला) मायएसक्यूएल डेटाबेसच्या टेबलात आहेत, अपाचे ते डेटाबेसशी बोलणाऱ्या डीबीडी मॉड्यूलमधून तपासतो. काही जण आरामात आत जातात आणि काहींना पासवर्ड अचूक टाकूनही लॉगिनची चौकट परत परत येते.

यातलं 'काही जण' हे सगळ्यात महत्त्वाचं. डेटाबेसशी जोडणीच तुटली असती तर सगळेच अडकले असते, आणि चौकटीऐवजी बहुधा ५०० ची, म्हणजे सर्व्हरमधल्या बिघाडाची, एरर दिसली असती. तेव्हा ड्रायव्हर, सॉकेट, पोर्ट यांच्या मागे लागू नका. चालू असलेल्या कॉन्फिगरेशनला तर आत्ता हातच लावू नका.

आधी अपाचेचा एरर लॉग उघडा आणि अडकलेल्यांपैकी एकाला तुमच्यासमोर लॉगिन करायला सांगा. नाव सापडलं नाही काय किंवा पासवर्ड जुळला नाही काय, ब्राउझरला ४०१ हा प्रवेश नाकारल्याचा कोडच मिळतो, म्हणून पडद्यावरून काही कळत नाही. लॉगमध्ये मात्र फरक स्पष्ट दिसतो. एएच०१६१८ आणि 'युजर नॉट फाउंड' आलं तर क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, ते नावच मिळालं नाही. एएच०१६१७ आणि 'पासवर्ड मिसमॅच' आलं तर नाव मिळालं, हॅशही आला, पण जुळला नाही. तुम्ही स्वतः तपासताना ब्राउझर नको, कर्ल हे कमांड लाइनचं साधन वापरा. ब्राउझर एकदा चाललेला पासवर्ड लक्षात ठेवून न विचारता पाठवत राहतो, आणि आपण नक्की काय तपासतोय हेच कळेनासं होतं.

तुमच्याकडे दुसरी ओळ, 'पासवर्ड मिसमॅच'ची, येईल असं मला वाटतं, कारण हेच मी एका शिक्षण संस्थेत भोगलंय. तिथल्या एका शिक्षिकेने आठवड्यात तीनदा पासवर्ड बदलला होता. शेवटी त्या माझ्या शेजारी बसल्या आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं. एकही अक्षर चुकलं नाही. तरीही ४०१. तोवर ऑफिसमधून त्यांना 'मॅडम, कॅप्स लॉक बघा' हेच ऐकवलं जात होतं. मीही एकदा तेच म्हणालो होतो, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या गेल्यावर मी टेबलातल्या प्रत्येक हॅशची लांबी काढली. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी लेंग्थ फंक्शन आहे, एका ओळीची क्वेरी. उत्तर आलं ३७, ३७, ५०, ३७, ५०, ५०. तिथेच सगळा उलगडा झाला. ३७ म्हणजे अपाचेचे जुने एमडी५ हॅश, जे 'एपीआर१' ने सुरू होतात. ते पूर्ण होते, म्हणून ती माणसं आत जात होती. ज्यांनी नव्या पानावरून पासवर्ड बदलला त्यांचे हॅश बीक्रिप्ट या नव्या पद्धतीचे होते, आणि बीक्रिप्टचा हॅश असतो ६० अक्षरांचा. कॉलम होता व्हारचार ५०, म्हणजे जास्तीत जास्त ५० अक्षरांचा. शेवटची दहा अक्षरं सरळ कापली गेली होती. आमच्या नियमाप्रमाणे वेळच्या वेळी पासवर्ड बदलणारी माणसंच नेमकी बाहेर राहिली होती!

मायएसक्यूएल ओरडलं कसं नाही? ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो, आणि तो चालू असता तर एवढी लांब नोंद नाकारली गेली असती. पण कुणीतरी एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी तो बंद केला होता. मग मायएसक्यूएल फक्त वॉर्निंग देतं, आणि पासवर्ड बदलायचं आमचं पीएचपी पान ती वाचतच नव्हतं.

तुमच्याकडे आकडा ६१ किंवा ३८ आला तर कारण वेगळं. विंडोजवर बनवलेली सीएसव्ही फाइल आयात करताना ओळीच्या टोकाचं कॅरेज रिटर्न हे चिन्ह शेवटच्या कॉलमला चिकटून येतं. डोळ्यांना दिसत नाही, लांबीत दिसतं. आणि ३२ आला तर तो बहुधा नुसता एमडी५ आहे, जुन्या प्रोग्रॅममध्ये सर्रास असायचा तसा. अपाचेला तो समजत नाही. त्या लोकांना नवे पासवर्डच द्यावे लागतील.

लांबी ५० किंवा तशीच अपुरी निघाली, तर बॅकअप घेऊन कॉलम व्हारचार २५५ करा. पीएचपीच्या मॅन्युअलमध्येही हाच आकडा सुचवलाय. स्ट्रिक्ट मोड परत चालू करा, पण आधी ते जुनं सॉफ्टवेअर त्यात चालतंय ना हे बघून. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या: कॉलम रुंद केल्याने कापलेली अक्षरं परत येत नाहीत. त्या सगळ्यांचे पासवर्ड नव्याने सेट करावेच लागतात. आणि तेही एचटीटीपीएसवरूनच, कारण बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये, म्हणजे या चौकटीच्या लॉगिनमध्ये, पासवर्ड नुसता बेस६४ मध्ये जातो, कुणालाही उलगडता येईल असा.

त्यांना मेल पाठवाल तेव्हा चूक आमच्या टेबलातली होती, तुमच्या टायपिंगची नव्हती, हे पहिल्याच ओळीत लिहा. आमच्या त्या बाईंना मी मेल न करता स्टाफरूममध्ये जाऊन, बाकीच्यांसमोर सांगितलं.